गोदीवाले बंद पडले तो आठवडा

उल्का माझी सख्खी धाकटी बहीण. आमच्या कराडच्या घरातून अमेरिकेत पहिलं पाऊल तिचं पडलं आणि तिला विमानात बसवायला मुंबईपर्यंत गेलेला माणूस मी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की याचं काय काम मध्ये. माझं काम थोडंच आहे. जिथे येईन तिथे 'दादा' म्हणून येईन, कारण तिनं मला दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाक मारलेली नाही.

तर दादाचं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या फेरीत. पण मोटार रिवाइंडिंगमध्ये कराड ते पाटण रस्त्यावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. विहिरीवरची जळालेली मोटार बैलगाडीतून यायची आणि दोन दिवसांत फिरायला लागायची. त्या मोटारींवर उल्का शिकली. कोल्हापूरला राहून गणितात एमएस्सी, पहिला वर्ग. शिवाजी चौकात पेढे वाटले तेव्हा लोक विचारायचे, "दादा, तुझं लग्न ठरलं काय?" दादा म्हणायचा, "त्याहून मोठं झालंय." दादाचं लग्न पुढे राहूनच गेलं, पण उल्काचं त्यानं असं करून दिलं की मांडवाची आठवण लोक अजून काढतात.

जावई राजीव, पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. जर्सी सिटीत आले ते एकविसाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. खालून गाडी पकडली की राजीव वीस मिनिटांत मॅनहॅटनला. उल्का मात्र नऊ वर्षं घरात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा नोकरीची परवानगी नसायची. पहिला वर्ग मिळवलेली बाई नऊ वर्षं खिडकीतून नदी बघत होती. ग्रीन कार्ड आलं तेव्हा कॉलेजात शिकवायचं वय आणि ओळख दोन्ही मागे पडली होती. एका शाळेच्या ऑफिसात ती हजेरीचं काम बघायला लागली. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाच्या घरी फोन करायचा. ते ती आजतागायत बघते. एवढ्या वर्षांत एकही चूक नाही. तिच्या साहेबीणबाईनं मला स्वतः सांगितलंय, म्हणजे इंग्रजीत सांगितलं, पण मला कळलं.

तिला एकच मुलगी, अनिका. इथेच जन्मलेली. घरात राहिलेल्या त्या नऊ वर्षांचं सगळं उल्कानं त्या पोरीत घातलं. पोरगी फार्मसीला लागली. सहा वर्षांचा कोर्स, त्यातली चार झाली, आणि एका मार्चमध्ये तिनं सांगितलं की मला हे नको, मला अँब्युलन्सवर काम करायचंय. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, मैत्रिणीकडे जाऊन तिनं पॅरामेडिकचं ट्रेनिंग घ्यायला सुरुवात केली.

उल्का काही बोलली नाही. रडली नाही, ओरडली नाही. तिच्या हातून झालं ते निराळंच. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला अनिका चार दिवस घरी आली होती. प्रसादाच्या रांगेत कुणी तरी विचारलं, "अनिका काय करते सध्या?" उल्का म्हणाली, "हॉस्पिटल मॅनेजमेंट." मागे अनिका ताट घेऊन उभी होती. तिनं ताट टेबलावर ठेवलं, कोट उचलला आणि तिथूनच एअरपोर्टला गेली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "यू आर अशेम्ड ऑफ मी." उल्काला वाटलं होतं आपण 'तसं नाही' म्हणू. तेवढंही तिच्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर आठ महिने मायलेकींत शब्द नाही. फोन केला तर अनिका उचलायची नाही आणि मेसेजला उत्तर नाही. उल्का रोज शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी घ्यायची, गैरहजर पोरांच्या आयांना फोन लावायची आणि घरी येऊन भात टाकायची. राजीवचे रविवारी रात्र पडायच्या आत इंडियाच्या ऑफिसबरोबर कॉल सुरू व्हायचे, कारण तिकडे सोमवार उजाडत असायचा. मग घरात आवाज फक्त राजीवचा, तोही आतल्या खोलीतून, "कॅन यू हिअर मी?" असा.

याच दिवसांत दादा अमेरिकेत पोचला. बहिणीनं त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करून तेरा वर्षं झाली होती, तेव्हा कुठे नंबर लागला. नेवार्क अॅव्हेन्यूवरच्या वाण्याच्या दुकानात त्याला काम मिळालं. सोमवारी सुट्टी. सोमवारी सकाळी दहाला तो उल्काकडे यायचा, तिनं झाकून ठेवलेला नाश्ता खायचा आणि तिच्या सोफ्यावर पाय पसरून टीव्ही लावायचा. टीव्हीवर केबलच्या महागड्या चॅनलचं अॅप होतं. त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक चौकोन. दादानं पहिला दिसला तो दाबला. तो अनिकाचा होता. पोरगी घर सोडून गेली तरी तिचा चौकोन तिथेच राहिला होता आणि तिकडे फ्रीमाँटला तिच्या फोनवरही तेच खातं चालायचं. दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला समुद्र दिसला, गोदी दिसली, दोन हजार माणसं दोरखंड ओढताना दिसली, म्हणून तो बसला. आणि अर्ध्यात झोपला.

मालिकेचं नाव 'द टाइडवॉर्डन्स'. समुद्राच्या भिंतीवर पहारा देणारं एक घराणं, त्यांची गोदी, त्यांची भांडणं. दादा तिला पहिल्या दिवसापासून 'गोदीवाले' म्हणतो. खरी जहाजं बांधून केलेली मालिका. एका भागाला जेवढा खर्च झाला असेल तेवढ्यात आमच्या कृष्णेवर पूल बांधून वर उद्‌घाटनाचं जेवण झालं असतं.

त्या सोमवारी संध्याकाळी उल्का शाळेतून आली. दादा निघून गेला होता. तिनं पर्स ठेवली आणि फोन वाजला. आठ महिन्यांनी अनिकाचा मेसेज. "आर यू वॉचिंग धिस?" खाली गोदीवाल्यांचं चित्र.

उल्कानं टीव्ही लावला. अनिकाच्या चौकोनात गोदीवाले होते आणि त्यांच्याखाली जिथवर पाहून झालं तिथवर लाल रेघ. उल्काला वाटलं, पोरगी हे बघतेय आणि मला विचारतेय तू पण बघतेस का. तिकडे अनिकाला वाटलं, आई माझ्या चौकोनात जाऊन, मी नसताना, मला आवडेल असं काही तरी बघत बसलीय.

उल्कानं लिहिलं, "हो."

तिच्या नोकरीत ती कधी खोटं लिहीत नाही. इथे लिहिलं. मंगळवारी रेघ पुढे सरकली. बुधवारी आणखी. दादाची सुट्टी फक्त सोमवारी, म्हणजे तिकडे पोरगी बघत होती. उल्कानंही बघायला घेतलं. शनिवारी अनिकाचा मेसेज आला की नवीन भाग रविवारी येतो, एकदम बघू या का, फोन लावून. जर्सी सिटीत संध्याकाळचे आठ, फ्रीमाँटला पाच.

अशी चार वर्षं झाली.

रविवारी आठला पाच कमी असताना उल्का डाळीचा कुकर उतरवायची, हात पुसायची, फोन स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर उभा करायची. "थ्री, टू, वन," अनिका म्हणायची आणि दोघी एकदम बटण दाबायच्या. तासभर फारसं कुणी बोलायचं नाही. पण दुसऱ्या टोकाला पोरगी श्वास घेतेय, काही तरी कुरकुरीत खातेय, तिच्या खिडकीखालून गाड्या जातायत, हे सगळं ऐकू यायचं. भाग संपला की दहा-पंधरा मिनिटं गप्पा. कोण वाईट, कोण मरणार, त्या म्हाताऱ्यानं किल्ली कुठे ठेवली. त्यात मधूनच अनिका सांगून जायची की आज एका आजोबांना जिन्यावरून उतरवलं, पाठ दुखतेय. किंवा उल्का सांगायची की इथे बर्फ पडला. एवढंच. या दहा-पंधरा मिनिटांवर उल्काचा आठवडा उभा असायचा. सीझन दहा रविवारांचा. उरलेलं वर्ष त्या मागचे भाग पुन्हा पहिल्यापासून लावायच्या, पुढच्या सीझनची उजळणी म्हणून.

आता खरी गोष्ट सांगतो. उल्काला त्यातलं काही कळत नव्हतं. गणिताचा पहिला वर्ग, पण त्या इंग्रजांचे उच्चार, त्या अंधारातल्या खोल्या आणि सगळ्यांच्या सारख्याच दाढ्या. तिनं एक वही केली होती. 'लाल केस - बहीण? का सून?' 'काळा कोट - मागच्या वेळी मेला ना?' शनिवारी संध्याकाळी ती दुकानात भाजीला यायची आणि मेथी निवडता निवडता दादाला विचारायची.

"दादा, तो लंगडा कुणाच्या बाजूचा?"

"कुणाच्याच नाही. तो गोदीच्या बाजूचा."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला गोदी चालू राहायला हवी. मालक कुणी का असेना. मी नाही का, विहीर पाटलाची का देसायाची विचारत बसलो नाही, मोटार चालू करून दिली."

"तुला इंग्रजी कळत नाही आणि हे बरं कळतं."

"इंग्रजी कशाला लागतंय. खोटं बोलायच्या आधी माणूस खाली बघतो. तिकडेही बघतो."

दादा दर सोमवारी तिच्या सोफ्यावर तोच भाग बघायचा, कधी दोनदा. लंगडा बंदरमास्तर आला की मागे घेऊन पुन्हा. सगळं अनिकाच्याच चौकोनातून. अनिकाला तिकडे दिसायचं की आई रविवारचा भाग सोमवारी परत बघते, तोही मागे-पुढे करून. एवढी आवड. मग ती पोरगी काय बोलणार.

मेच्या तिसऱ्या गुरुवारी दुपारी बातमी आली. चौथ्या सीझनचा शेवटचा भाग येत्या रविवारी होता. पाचव्यात गोष्ट संपायची होती. चॅनलनं सांगितलं, पाचवा नाही. खर्च फार होतो. दोन ओळींचं निवेदन, खाली आभार.

जर्सी सिटीतल्या आपल्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, 'टाइड गँग' नावाचा. उल्काच्याच बिल्डिंगमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या आसावरीनं काढलेला. उल्का त्यात नुसती नावाला होती. शाळा सुटायच्या वेळेला तिनं फोन बघितला तर दोनशे बारा मेसेज.

"हे लोक माणसं आहेत का कॅल्क्युलेटर?"

"चार वर्षं दिली यार मी यांना. चार वर्षं. माझ्या पहिल्या नोकरीला पण दिली नव्हती."

"किल्ली कुणाकडे आहे हे आता आयुष्यात कळणार नाही."

"पिटिशन साइन करा, लिंक खाली आहे. नुसता अंगठा नका दाखवू, साइन करा."

अल्फारेटाचा, म्हणजे दूर दुसऱ्या राज्यातला अरुण, आसावरीचा मावसभाऊ, ग्रुपमधला सगळ्यात तापट. त्यानं जाहीर केलं की मी आत्ता फोन लावून चॅनल कॅन्सल करतोय, सगळ्यांनी करा, यांची भाषा यांना कळली पाहिजे. तासाभरानं आसावरीनं विचारलं, "काय झालं? केलंस का?" मग अरुणनं लिहिलं, "ती बाई फार चांगली होती. तीन महिने फ्री दिले." त्यावर सतरा जण हसले आणि अरुण ग्रुप सोडून गेला. आसावरीनं त्याला परत आत घेतलं.

उल्का हे सगळं बसमध्ये बसून वाचत होती. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. तिनं मला नंतर सांगितलं, दादा, अंगठा सुन्न झाल्यावर टाचणी टोचली तर कळतं की टोचली, पण दुखत नाही, तसं झालं. घरी येऊन तिनं मशीनमध्ये कपडे टाकले. मशीन संपल्याची शिट्टी झाली. तासाभरानं परत झाली. कपडे तसेच आत राहिले. राजीवनं विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "ती मालिका बंद झाली." तो म्हणाला, "अरेरे. दुसरी बघा," आणि आत गेला, त्याचा कॉल होता.

दुसरी बघा. तिनं त्याच्यावर विचार केला. अनिकाला विचारायचं, की चल आता दुसरं काही तरी बघू या? म्हणजे सांगितल्यासारखंच झालं की मला गोदीवाल्यांशी घेणं नव्हतं. आणि पोरगी म्हणाली, नको आई, इट्स ओके, तर? शिल्लक काय राहिलं? दहा-पंधरा मिनिटं बोलायला कारण लागायचं आणि कारण चॅनलनं दोन ओळींत काढून घेतलं होतं. परीक्षाच नाही म्हटल्यावर उजळणी कोण करणार. अनिकाचा मेसेज आला होता, नुसता एक तुटलेला बदाम. उल्कानं पण तोच पाठवला. पोरगी किती दुःखात असेल, असं तिला वाटत राहिलं.

शनिवारी आसावरीनं सगळ्यांना घरी बोलावलं. ठरलं होतं की चॅनलच्या ऑफिसला प्रत्येकानं दोरीची एक गाठ पाठवायची. मालिकेत ते लोक शपथ घेताना गाठ बांधतात. देशभरातले लोक पाठवणार होते. दादा मुद्दाम दुकानातून लवकर निघाला. सगळ्यांनी बारीक नायलॉनच्या दोऱ्या आणल्या होत्या आणि फोनवर बघून गाठी मारत होते. दादानं काथ्याचा दोर आणला होता, नारळाच्या पोत्याचा. त्यानं विहिरीतून मोटार वर ओढायची गाठ मारली आणि टेबलावर ठेवली. आयटीवाली पोरं तिघं मिळून ओढत होती, सुटली नाही.

"दादा, ही पहिली पाठवायची," आसावरी म्हणाली. "यांना कळू दे." मग ती उल्काकडे वळली. "उल्का, अनिकाला सांग ना तिकडे पण गोळा करायला. तिचे हॉस्पिटल मॅनेजमेंटवाले कलीग्ज असतील."

उल्का चहाचे कप उचलत होती. ती थांबली नाही. दोन कप एकात एक घातले आणि म्हणाली, "ती मॅनेजमेंटमध्ये नाही. पॅरामेडिक आहे. अँब्युलन्सवर असते."

चार वर्षं सगळ्यांना वेगळंच माहीत होतं. उल्का कप घेऊन आत गेली. तिला काहीच वाटलं नाही, धीर आल्यासारखं नाही आणि लाज गेल्यासारखंही नाही. ज्यासाठी 'हो' असं खोटं लिहिलं ते रविवारचे फोनच जाणार, मग हे दुसरं खोटं कशाला सांभाळायचं, असं काही तरी. दादा मात्र छाती पुढे काढून बसला. तो आसावरीला म्हणाला, "माझी भाची माणसं उचलून आणते. जिवंत. तुमच्यापैकी कुणी आणलंय?"

रविवार दुकानाच्या गर्दीचा, तरी दादानं अर्धी सुट्टी घेतली. चार वर्षांत रविवारी तो पहिल्यांदाच उल्काकडे बसला. शेवटचा भाग तो एकटा बघणार नव्हता. उल्कानं त्याला सांगून ठेवलं, "मध्ये बोलायचं नाही. तिला आवडत नाही."

"थ्री, टू, वन," अनिका म्हणाली. आवाज बारीक होता.

भाग मोठा होता, दीड तासाचा. शेवटी भिंतीला भगदाड पडतं आणि दरवाजाची साखळी अडकते. लंगडा बंदरमास्तर कंदील दातात धरून पाण्यात उतरतो. पाणी काळं. कंदील विझतो. साखळीचा एक आवाज येतो. दरवाजा हलला का नाही, ते दाखवलंच नाही. नावं वर जायला लागली.

दादा रडला. सांगायला लाज कसली, रडला. नाक पुसायला उठला तेव्हा त्याला दिसलं की उल्का टीव्हीकडे बघतच नव्हती. ती फोनकडे बघत होती.

"मॉम?" फोनमधून आवाज आला. "आर यू ओके? आय वॉज वरीड अबाउट यू."

"मी ठीक आहे. तू?"

"आय'म फाइन. बट यू लव्ह धिस सो मच. तू मागचा भाग सोमवारी परत दोनदा बघितलास. आय सॉ."

"मी?" उल्का म्हणाली. "मी नाही परत बघितला."

इथे दादाला राहवलं नाही. चार वर्षं त्या मालिकेचं सगळं श्रेय मायलेकी एकमेकींना देत होत्या. तो फोनजवळ जाऊन म्हणाला, "अगं, ते मी बघतो. सोमवारी. पहिला भाग पण मीच लावला होता, तुझा तो चौकोन दाबून. मी लावला नसता तर तुम्हाला गोदीवाले कळले असते का?"

मग अनिका म्हणाली, "दादामामा, द फर्स्ट वन? दॅट वॉज यू?"

"मग. अर्ध्यात झोपलो, तो भाग निराळा."

"मॉम. तू यस म्हणाली होतीस."

उल्कानं फोन हातात घेतला. "हो."

"बट यू वेअरन्ट."

"नव्हते."

नावं वर जात होती, शिंप्यांची, सुतारांची, घोडे सांभाळणाऱ्यांची. खिडकीखाली गाड्या गेल्या, फ्रीमाँटच्या का जर्सी सिटीच्या कोण जाणे.

"डू यू इव्हन लाइक इट?" अनिकानं विचारलं.

"मला त्यातली माणसं ओळखू येत नाहीत," उल्का म्हणाली. "मी वहीत लिहून ठेवते."

"मी अँब्युलन्समध्ये बसून समरी वाचते," अनिका म्हणाली. "बिफोर आय कॉल यू. आय फॉल अस्लीप, मॉम. एव्हरी सिंगल टाइम. मी चिप्स खाते म्हणजे झोप येणार नाही."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, मी आता सांगताना मला हसू येतं. पण त्या वेळी दादालाही आलं नाही. दोघी जणी चार वर्षं एकमेकींसाठी तास तास काढत होत्या, हे दोघींना एकदमच कळलं. आणि आता त्याचं काय करायचं हे दोघींनाही माहीत नव्हतं. उल्काला वाटलं आपण काही तरी म्हणावं. गणपतीतल्या त्या रांगेत वाटलं होतं तसंच. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

"ओके," अनिका म्हणाली.

"ओके," उल्का म्हणाली.

"माझी शिफ्ट आहे अर्ली. बाय, मॉम."

"बाय."

एरवी दहा-पंधरा मिनिटं चालायचं ते दोन मिनिटांत आटोपलं. उल्कानं फोन पालथा ठेवला. डाळ गरम केली. तिघं जेवले. राजीवनं विचारलं, "कसा होता शेवट?" दादा म्हणाला, "शेवट नाहीच." दादाला पहिल्यांदाच वाटलं की आपण बोललो ते चुकलं. तो म्हणाला, "उल्के, मी गप्प बसायला हवं होतं." ती म्हणाली, "भात घे." तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. राग असता तर दादा सुखानं घरी गेला असता. ती म्हणाली, उशीर झालाय, इथेच झोप. तो सोफ्यावर झोपला.

सोमवारी सकाळी उल्कानं शाळेत फोन करून सांगितलं की आज येत नाही. वीस वर्षांत तिची पहिली गैरहजेरी. नाइलाजानं नाही, आजारी नाही, नुसती गेली नाही. राजीव कामावर गेला. उल्कानं पोहे केले आणि दादाच्या हातात बशी दिली. दादा सवयीनं रिमोट उचलायला गेला आणि थांबला.

"लाव," ती म्हणाली. "तुझी सुट्टी आहे."

दादानं अनिकाचा चौकोन दाबला. गोदीवाले वर आले. पण कालचा शेवटचा भाग नाही. सीझन पहिला, भाग पहिला. खाली लाल रेघ, छोटी, अकरा मिनिटांची.

"हे तू लावलंस?" उल्कानं विचारलं.

"मी झोपलो होतो. तू?"

"मी रिमोटला हात लावला नाही."

दोघं त्या रेघेकडे बघत उभे राहिले. घरात तिसरं कुणी नव्हतं. राजीवला चौकोन कुठले आहेत हेही माहीत नाही. अकरा मिनिटांनी कुणाला तरी झोप लागली होती.

उल्कानं हात पदराला पुसावे तसे टॉपला पुसले, फोन सरळ केला आणि चार वर्षं वर सरकवत पहिला मेसेज शोधला. त्यातलेच शब्द पाहून पाहून तिनं लिहिले. "आर यू वॉचिंग धिस?" पाठवलं आणि फोन टेबलावर ठेवला. दादानं प्ले दाबलं, बाराव्या मिनिटापासून. समुद्र आला, गोदी आली, दोन हजार माणसं दोरखंड ओढायला लागली. मागून लंगडा बंदरमास्तर पहिल्यांदा चालत येणार होता, दादाची सगळ्यात आवडती जागा.

तेवढ्यात फोन वाजला. मेसेजचा नाही, पूर्ण वाजला. फ्रीमाँटला सकाळचे साडेसहा. पडद्यावर अनिकाचं नाव.

दादानं या मालिकेत आजवर कुणाला मध्ये बोलू दिलेलं नाही. त्यानं स्वतः आवाज बंद केला आणि पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेला.